हशामागचे अवघड गाणे

वाचकहो, प्रथम एक साधा प्रश्न विचारतो. माणूस पोट धरून हसत असतो तेव्हा तो गाणे ऐकत असतो का? आपण चटकन उत्तर द्याल, की नाही. हसायचे तेव्हा हसायचे आणि गाणे ऐकायचे तेव्हा गंभीरपणे मांडी घालून बसायचे. शाळेत आम्हांलाही असेच शिकवले गेले. पण आपल्या शिरूर-दौंडच्या मुलखात गेली दोनशे वर्षे एक कला नांदते आहे, तिने हे उत्तर कधीच मानले नाही. ती कला म्हणजे तमाशा. तमाशाच्या कथेविषयी, शृंगाराविषयी, त्यातल्या बऱ्यावाईट चालींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज बोलायचे आहे ते त्यातल्या अवघड संगीताविषयी, आणि ते अवघड असूनही आपल्याला तसे का वाटत नाही याविषयी.

हा प्रश्न मला सुचला तो गावात नव्हे, पुण्यात. एम.ए.ला असताना माझ्या खोलीतल्या सोबत्याकडे परदेशी गाण्यांच्या कॅसेटी असत. त्यात अमेरिकेतल्या फ्रँक झापा नावाच्या संगीतकाराची एक होती. हा गृहस्थ 1940 साली जन्मला आणि 1993 साली वारला. 1966 साली त्याच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तीच मुळी दोन तबकड्यांची. विक्षिप्तपणात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढाऱ्यांची, फॅशनची, प्रेमगीतांची, सगळ्यांची तो टिंगल करी. ती गाणी ऐकून मी हसलो. सोबती मात्र म्हणाला, ‘‘हसू नकोस, मात्रा मोज.’’ मी मोजू लागलो आणि हरलो. चार मात्रांचा ठेका म्हणावा तर मध्येच पाचाचा, मग सातांचा. आणि एवढे करून सगळी मंडळी एका क्षणी बरोबर एकत्र येत होती. याच झापाने 1976 मध्ये तालवाद्यांसाठी एक रचना केली. तिच्या कागदावर सुरावटीच्या खुणा इतक्या दाट होत्या, की तिचे नावच ‘काळे पान’ अशा अर्थाचे पडले. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी 1970 साली लॉस एंजेलिसच्या मोठ्या वाद्यवृंदाकडून झापाचे संगीत वाजवून घेतले होते. तरीही पुष्कळ लोक त्याला विदूषकच समजत राहिले. शेवटी 1986 मधल्या एका ध्वनिमुद्रिकेला त्याने नावच असे दिले, की त्याचा मराठीत अर्थ व्हावा : संगीतात विनोदाला जागा आहे का?

तो प्रश्न वाचला आणि मला आमच्या गावची जत्रा आठवली.

आमचे गाव शिरूर तालुक्यातले. रात्री छबिना, पालखी. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या आणि दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा. रात्रीच्या खेळाला घरून परवानगी नसे. पण सकाळची हजेरी देवळापुढे, उघड्यावर, फुकट. तिथे पोरासोरांना कोण अडवणार? हलगीवाला वाळल्या पाचटाचा जाळ करून हलगी शेकत बसलेला असे. चामडे तापून ताणले, की बोट मारून बघायचा. आवाज ‘टण्ण’ आला, की उठायचा. मग ढोलकी आणि हलगी यांची जुंपायची. एकाने बोल टाकायचा, दुसऱ्याने तो उचलून दामदुप्पट करून परत द्यायचा. हे चालले असताना सोंगाड्या मध्येच येऊन ढोलकीवाल्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटे, अडखळल्याचे सोंग करी, भलत्याच मात्रेवर टाळी देई. आम्ही हसून लोटपोट. त्या वयात आमच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. भलत्या मात्रेवर टाळी देणारा तो माणूस सम कधीही चुकत नसे. चुकण्याचे सोंग आणायचे, तर बरोबर काय आहे ते चुकणाऱ्याला इतरांपेक्षा पक्के ठाऊक असावे लागते.

आता या संगीताची घडण थोडी उलगडून पाहू. तमाशाला आरंभ होतो तो वाद्यांनी. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज किंवा मंजिरी आणि लोखंडी कडे, एवढाच जुना सरंजाम. ढोलकीच्या उजव्या पुडीला शाई असते, ती उंच स्वरात बोलते. डाव्या पुडीला आतल्या अंगाने लेप असतो, त्यातून घुमारा निघतो. एकच वादक एका हाताने टणत्कार आणि दुसऱ्याने घुमारा काढतो. तुणतुण्याला तार एकच. पण ती स्वरही धरते आणि लयही चालवते. मग गण होतो, म्हणजे गणपतीचे स्तवन. त्यानंतर गौळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाटेत आडवा येणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या. पुढे बतावणी, रंगबाजीच्या लावण्या, सवाल-जवाब, आणि मध्यरात्र कलल्यावर वग, म्हणजे नाट्यकथा. पहिला वग म्हणून उमा-बाबू सावळजकरांच्या ‘मोहना-बटाव’चे नाव घेतात, तो 1865 सालचा मानतात.

या सबंध रात्रीला एक बांधणी आहे. देवापासून सुरुवात, मग देवाची थट्टा, मग माणसाची थट्टा, आणि शेवटी माणसाचे सुखदुःख. लय हळूहळू चढते, मध्ये संवादासाठी थांबते, पुन्हा पकडली जाते. ग्रामोफोनची जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. 1948 साली अमेरिकेत लांब तबकडी निघाली, तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले; आणि मग पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिकडच्या तरुण वादकांनी, सबंध तबकडीभर एकच कल्पना खेळवायची, असा उद्योग आरंभला. त्याला ते प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत. फार नवे काही करतो आहोत, असे त्यांना वाटे. आमच्या फडाची तबकडी रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपत होती!

पण ही कला केवळ लांब होती म्हणून अवघड नव्हती. ती ज्यांनी घडवली त्यांच्याकडे पाहा. सोलापूरचे रामजोशी (1762-1812) हे संस्कृत जाणणारे ब्राह्मण. त्यांनी एकाच लावणीत अनेक भाषा गुंफण्याची करामत केली. बारामतीच्या मोरोपंतांनी त्यांची बुद्धी ओळखून त्यांना कीर्तनाकडे वळवले, असे सांगतात. होनाजी पुण्याचे गवळी. कवने होनाजींनी करावी आणि बाळा करंजकरांनी गावी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात त्यांच्या लावण्या रागदारीत बांधून गायल्या जात, अशी परंपरा आहे. या जोडीवर 1951 साली ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट निघाला, तो आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. परशराम शिंपी होते. आणि सगनभाऊ? ते तर आपल्या शेजारच्या जेजुरीचे, जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. गवळी, शिंपी, शिकलगार आणि शास्त्री एकाच ताटात जेवत नव्हते, पण एकाच ठेक्यावर भांडत होते.

भांडत होते, असे मी जाणूनबुजून म्हणतो. कलगी आणि तुरा अशा दोन पक्षांत शाहीर वाटलेले असत. कलगीवाले शक्तीची थोरवी गात, तुरेवाले शिवाची. एकाने गाण्यात कूट घालायचे : आकड्यांचे, पुराणातल्या नावांचे, सृष्टीच्या उत्पत्तीचे. दुसऱ्याने त्याच चालीत, तिथल्या तिथे उत्तर बांधायचे. उत्तर आले नाही तर फजिती, आणि फजितीवर सगळे गाव हसणार. आता विचार करा : अर्थ शोधायचा, यमक जुळवायचे, चाल सांभाळायची आणि सम गाठायची, हे सगळे एकाच वेळी. गावकरी हसत होते. गाणाऱ्याच्या कपाळावर मात्र घाम होता.

आपल्या दोन तालुक्यांचे यातले स्थान मोठे गमतीचे आहे. शिरूरहून न्हावऱ्यावरून दक्षिणेला निघावे, पारगावजवळ भीमा ओलांडावी, केडगाव मागे टाकून पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला यावे. या एका वाटेने तमाशाच्या दोन्ही शाखा जोडलेल्या आहेत. घोड-भीमेच्या अलीकडे जत्रांचा मुलूख. इथे ढोलकी-फडाचा तमाशा, म्हणजे गण-गौळण-वगाचा, चालतो. पाडव्याच्या सुमारास शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची यात्रा कमिटीची माणसे तिथे जाऊन सुपारी देतात. भाऊ-बापूंचा फड त्याच नारायणगावचा. भाऊंच्या कन्या विठाबाई (1935-2002) यांच्या नावाने आज राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. भीमेपलीकडे, दौंड तालुक्यात, चौफुल्याच्या कलाकेंद्रांत संगीतबारी चालते. तिच्यात वग नाही. एका थिएटरात अनेक पार्ट्या असतात, आपापली पाळी आली की गातात-नाचतात. पाळी म्हणजेच बारी. इथे पेटी, तबला आणि ढोलकी असते, आणि जुन्या जाणत्या गायिका बसून एकेका ओळीची अदा करतात. शब्द तोच, पण एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा विनवणी. बैठकीच्या लावणीचे हे शास्त्र वाईच्या यमुनाबाईंनी देशभर नेले. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या.

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाई गावाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिथले बी. के. मोमीन कवठेकर (1947-2021) यांनी तमाशा फडांसाठी गण-गौळणी, लावण्या आणि वग लिहिले, आणि हुंडा, व्यसन, निरक्षरता असले विषयही त्याच ठेक्यावर बसवले. विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार त्यांनाही मिळाला. जेजुरीच्या सगनभाऊंपासून कवठ्याच्या मोमीनांपर्यंत ही ओळ सरळ येते. धार लावणाऱ्याच्या धंद्याला खंड पडला असेल. शब्दाला धार लावण्याच्या धंद्याला पडला नाही.

मग या अवघड गाण्याला मान का मिळाला नाही? मला याची दोन कारणे दिसतात. पहिले कारण जातीचे. हा भार वाहिला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या माणसांनी. गावाने त्यांचे गाणे घेतले आणि त्यांना गावाबाहेर ठेवले. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा रेठऱ्याचा ब्राह्मण मुलगा (1866-1945) फडात शिरला आणि पठ्ठे बापूराव झाला, तेव्हा त्यालाही घर सुटले. पवळाबाईंच्या साथीने त्याने मुंबईची थिएटरे गाजवली. पण त्याचे नाव झाले आणि त्याच्यामागे उभे राहून झील धरणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

दुसरे कारण हसण्याचे. जो हसवतो तो हलका, अशी आपली समजूत. ‘काय तमाशा लावलाय?’ असे आपण रागावून म्हणतो. ‘काय कीर्तन लावलंय’ म्हणतानाही आपला स्वर इतका कडवट नसतो. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधार समिती बसली, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर वाट मोकळी झाली. अश्लीलतेला आळा बसावा, हा हेतू वाईट नव्हता. पण यात एक अडचण होती. सोंगाड्याचा विनोद कागदावर नसतोच. गौळणीतली मावशी बाजाराला निघाली, की पेंद्याने तिला काय विचारावे? सोसायटीचे कर्ज थकले असेल तर तो विचारणार, ‘‘मावशे, दुधावर कर्ज काढलं का कर्जावर दूध?’’ कॅनॉलचे पाणी आले नसेल तर दुसरे काही. हे त्या गावात, त्या रात्री, त्या ठेक्यावर जन्मते. हशा उठायचा तो शेवटच्या शब्दावर, आणि तो शब्द पडायचा तो ढोलकीच्या थापेवर. थाप अर्धी मात्रा उशिरा पडली तर विनोद मेला. ती कागदावर कशी तपासणार?

चित्रपटाने या गाण्याचे उपकार मानले, नाही असे नाही. 1959 सालच्या ‘सांगत्ये ऐका’ने लावणी घराघरांत पोचवली, आणि वसंत पवारांसारख्या संगीतकारांनी ढोलकीचे सामर्थ्य शहराला दाखवले. पण चित्रपटाला हवी होती तीन-चार मिनिटांची लावणी. तिच्यामागची रात्र त्याला नको होती. ढोलकी-हलगीची झुंज, लांबलेला सवाल-जवाब, झीलकऱ्यांची ओढलेली तान, हे सगळे कापले गेले; राहिला तो ठसका. पुढच्या पिढीला वाटले, की तमाशा म्हणजे एवढेच.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहे. आमच्या गावात एक म्हातारबा होते. तरुणपणी ते फडात झीलकरी होते, म्हणजे मुख्य गायकाच्या मागे उभे राहून ‘जी जी’ची झील धरायची. मी प्राध्यापक झाल्यावर एकदा त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. सहज विचारले, ‘‘बाबा, तुम्ही सारे मागे ओरडत का राहता?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘मास्तर, ओरडत न्हाई. म्होरचा गडी दम घेतो ना, तवा गाणं भुईवर पडू नये म्हणून आमी धरून ठेवतो.’’

वाचकहो, लोकसंगीतावरची माझी सगळी टिपणे मी त्या एका वाक्यावरून ओवाळून टाकीन. गायक श्वास घेतो त्या पोकळीत स्वर उंच धरायचा, तोही त्याच्या पुढच्या उठावाशी नेमका जुळेल असा; हे मी आजवर कोणत्याही ग्रंथात इतके स्वच्छ वाचलेले नाही. मी म्हटले, ‘‘बाबा, पुढच्या जत्रेला यंत्र घेऊन येतो, तुमच्या सगळ्या चाली भरून घेतो.’’ ते म्हणाले, ‘‘या की.’’ हे 2019 सालचे बोलणे. 2020 मध्ये करोनाची साथ आली, जत्रा झाली नाही. 2021 मध्येही झाली नाही. फडांचे चैत्र-वैशाखाचे दोन हंगाम बुडाले. कित्येक कलावंतांनी मिळेल ती मजुरी धरली. त्या दोन वर्षांतच म्हातारबा गेले. यंत्र म्हणजे तरी काय, माझ्या खिशातला फोन! तो त्या दिवशीही ओट्यावर माझ्या खिशात होता. मी जत्रेची वाट पाहत बसलो, कारण मलाही कुठेतरी वाटत होते, की हे काम सवडीने करण्यासारखे आहे. शास्त्रीय गवयी समोर असता तर मी उद्यावर टाकले असते का? म्हणजे तमाशाला हलके समजणाऱ्यांच्या यादीत माझेही नाव होतेच.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेच्या टापूत कोणी ढोलकी वाजवणारा, कोणी तुणतुणे धरणारा, कोणी गौळणीत मावशी केलेला माणूस असेलच. मुलांना त्याच्याकडे पाठवा. त्याच्याकडून नुसती गाणी गोळा करू नका. त्याने काय केले, कसे केले, चुकल्यावर काय व्हायचे, हे विचारा. फोनवर भरून घ्या, त्याचे नाव, गाव आणि साल वहीत लिहा. मुलांना आठ मात्रा हातावर मोजायला लावा आणि मग सोंगाड्याची टाळी कुठे पडते ते शोधायला सांगा. गणिताचा तास वाया जाणार नाही, याची हमी देतो. कलावंताला शाळेत बोलवाल तेव्हा मात्र त्याला पाहुण्याच्या खुर्चीवर बसवा आणि मानधनाचे पाकीट आधी द्या.

आणि बाकीच्या मंडळींना एवढेच सांगणे, की येत्या जत्रेत हजेरीला बसलात आणि हसू आले, तर खुशाल हसा. हसणे आवरून ऐकण्याची काही गरज नाही. ते गाणे हसणाऱ्यांसाठीच बांधलेले आहे. फक्त हसताहसता एक कान मागे, झीलकऱ्यांकडे असू द्या. पुढचा गडी दम घेतो आहे, आणि गाणे भुईवर पडू नये म्हणून कोणीतरी ते धरून उभा आहे.